ॲमोनाइटांचे खंडित जीवाश्म : कच्छमधील संशोधन

ॲमोनाइट हे शीर्षपाद वर्गातील निर्वंश झालेले सागरी प्राणी होत. क्रिटेशस कालाच्या अखेरीस, सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, ते लोप पावले. गंडकीच्या पात्रातील शाळिग्रामांत त्यांच्या वेटोळ्यांचे ठसे आढळतात. पूर्ण कवच क्वचितच मिळते. संग्राहकाच्या हाती बहुधा वेटोळ्याचा तुकडाच येतो. अशा तुकड्यांवरून खडकांचे वय ठरविण्याच्या प्रयत्नांत कच्छला महत्त्वाचे स्थान आहे.

कॅप्टन ग्रँट यांनी कच्छमधून जमविलेल्या जीवाश्मांचे सॉवर्बी यांनी केलेले वर्णन १८४० मध्ये प्रसिद्ध झाले. १८७१-७२ मध्ये फेर्डिनांट स्टोलिचका यांनी तेथील जुरासिक खडकांचे पच्छम, चारी, कटरोल व उमिया असे चार गट पाडले. व्हिल्हेल्म व्हागेन यांनी १८७३ नंतर तेथील ॲमोनाइटांचे सविस्तर वर्णन केले. एल. एफ. स्पाथ यांनी १९२७ ते १९३३ या काळात त्याची पुनर्तपासणी केली व अनेक नव्या जाती वर्णिल्या.

तुकडा ओळखताना वेटोळ्याच्या आडव्या छेदाचा आकार, कंगोरे कोठे दुभंगतात आणि बाहेरच्या कडेवर उंचवटा आहे की खोबण, हे पाहतात. कप्प्यांच्या पडद्या कवचाला जेथे जोडलेल्या असतात, तेथे नागमोडी शिवणरेषा उमटते. तिच्या रचनेवरून गट निश्चित होतो. परंतु बाहेरचे कवच झिजल्याखेरीज ती दिसत नाही आणि प्राणी राहत असलेल्या शेवटच्या कप्प्यावर ती नसतेच. म्हणून ती न दिसणे हा निर्णायक पुरावा ठरत नाही.

वाढीबरोबर कवचाचे रूपही पालटते. मॅक्रोसेफॅलाइट्स प्रजातीतील लहान कवचांवरचे ठळक कंगोरे मोठ्या कवचांवर बहुधा पुसट होतात. त्यामुळे एकाच प्राण्याच्या आतील व बाहेरील वेटोळ्यांचे तुकडे दोन जातींचे वाटू शकतात. माकोव्हस्की (१९६२) व कॅलोमन (१९६३) यांनी मोठी व लहान कवचे पुष्कळदा एकाच जातीच्या नर-मादीची असल्याचे प्रतिपादन केल्यावर अनेक जुन्या जातिनामांचा फेरविचार करावा लागला.

यास्तव अपुऱ्या तुकड्याला केवळ प्रजातीचे नाव देऊन थांबणे श्रेयस्कर ठरते. तो कोणत्या थरातून काढला, याची नोंद मात्र अत्यावश्यक होय. नाव पुढे सुधारता येते. परंतु नोंद न करता उचललेल्या तुकड्याचा थर नंतर खात्रीने सांगता येत नाही आणि खडकाचे वय ठरविण्याच्या कामी त्याचे मोल फारसे उरत नाही.