गिरणी, बॅटरी आणि विजेची विक्री

२००१ साली बंगळुरूत ‘रेवा’ ही छोटी विद्युत मोटार विक्रीस आली, तेव्हा सार्वजनिक चार्जिंग केंद्राचा प्रश्न फारसा कोणाच्या मनात नव्हता. गाडीत ४८ व्होल्टचा शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा संच होता आणि तो घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर चार्ज होई. सुमारे अडीच तासांत ८० टक्के भरणा व्हायचा. उरलेल्या २० टक्क्यांना मात्र त्याहून अधिक वेळ लागे. बॅटरी भरत आली की तिचे विभवांतर वाढते. मग चार्जरला प्रवाह कमी करावा लागतो, अन्यथा आम्लातील पाण्याचे विघटन होऊन वायू सुटू लागतात. मालकाजवळ गाडीपाशी एक प्लग असला म्हणजे झाले.

ज्याच्याजवळ असा प्लग नाही, त्याची अडचण कायद्यात दडलेली होती. विद्युत अधिनियम, २००३ नुसार विजेचे वितरण वा व्यापार करण्यास परवाना लागतो. मग एखाद्या पेट्रोलपंपचालकाने वीजजोडणी घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्या पैसे घेऊन चार्ज केल्या, तर तो वीज विकतो असे म्हणायचे काय? या शंकेपोटी गुंतवणूकदार बिचकत राहिले.

१३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जे स्पष्टीकरण काढले, ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. त्यातील युक्तिवाद चक्क विद्युतरसायनशास्त्राचा आहे. चार्जिंगमध्ये विद्युत ऊर्जेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर होते व ती बॅटरीत साठते. वीज केंद्राच्या आवारातच वापरली जाते. ग्राहक पैसे देतो ते या सेवेचे. म्हणून ही विक्री नव्हे आणि परवानाही नको. पिठाची गिरणी विजेवर चालते, पण गिरणीवाला दळणाचे पैसे घेतो, विजेचे नव्हे, तसेच हे.

युक्तिवाद उपयुक्त होता, निर्दोष नव्हता. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. बॅटरीतून मात्र रस्त्यावर वीजच बाहेर येते. अभिक्रिया उलटवता येते म्हणून तर तिला पुनर्भारणक्षम म्हणायचे. उद्या गाड्यांनी ग्रिडला वीज परत दिली, तर हे वर्णन पुन्हा तपासावे लागेल. तरी त्या घडीला केंद्रांचा मार्ग मोकळा झाला, हे खरेच.

जानेवारी २०२० मध्ये ‘नेक्सॉन ईव्ही’ आली ती ३०.२ किलोवॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी घेऊन. १५ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टवर फार तर साडेतीन किलोवॅट मिळतात. म्हणजे रिकामी बॅटरी भरायला नऊ तासांच्या आसपास. स्वतःचे पार्किंग असणाऱ्यास ही झोपेची वेळ. रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्यास केंद्रावाचून गत्यंतर नाही.

आणि नेमका इथे २०१८ चा तो शब्द परतला. वीज ही वस्तू मानली जाते व तिच्या विक्रीवर जीएसटी नाही, सेवेवर आहे. म्हैसूरच्या चामुंडेश्वरी वीजपुरवठा महामंडळाने विचारले, की चार्जिंगच्या बिलातील विजेचा भाग वीजविक्री समजून करमुक्त ठेवता येईल काय? २०२३ मध्ये कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने नाही म्हटले: सारा व्यवहार सेवेचा, कर १८ टक्के. असा निर्णय कायद्याने अर्जदारापुरताच बंधनकारक असतो, पण देशभर आकारणी याच दराने होते. गंमत अशी, की चार्जर या यंत्रावरचा कर ऑगस्ट २०१९ पासून अवघा ५ टक्के आहे.

घरच्या मीटरवरून ३० युनिट भरणाऱ्याच्या बिलात जीएसटीची ओळ नसते. पार्किंग नसलेला भाडेकरू तेवढीच युनिटे केंद्रावर भरतो, तेव्हा त्याच्या पावतीवर ती १८ टक्क्यांची ओळ असते.