लिस्पचे बिऱ्हाड : एका भाषेने आपले पुढचे घर कसे घडवले

१/ १९८२ साली सन मायक्रोसिस्टिम्स या त्याच वर्षी स्थापन झालेल्या कंपनीच्या सन-१ संगणकाच्या एका नमुन्यावर ‘फ्रान्झ लिस्प’ ही प्रणाली बसवण्याचे काम सुरू झाले. वरवर पाहता ही तांत्रिक बाब होती. प्रत्यक्षात प्रश्न असा होता : यंत्र मोडीत निघाले, तर त्याच्यावर वाढलेली भाषा जगते का?

२/ लिस्पचा जन्म १९५८ चा. एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी ही भाषा आकड्यांसाठी नव्हे, तर चिन्हे आणि त्यांच्या याद्या हाताळण्यासाठी रचली. ती प्रथम आयबीएम ७०४ वर चालली. त्या यंत्राच्या शब्दरचनेतून आलेली ‘कार’ आणि ‘कुडर’ ही नावे ते यंत्र इतिहासजमा झाल्यावरही भाषेत टिकून राहिली.

३/ १९६८ साली एमआयटीतच ‘मॅक्सिमा’चा पूर्वज असलेल्या ‘मॅकसिमा’ या प्रकल्पाला आरंभ झाला. कलन, संकलन, समीकरणे हे सारे चिन्हांच्या रूपात, कागदावर गणिती करतो तसे, संगणकाकडून करून घ्यायचे हा त्याचा हेतू. तो मॅकलिस्प या बोलीत लिहिला गेला आणि पीडीपी-१० या संगणकावर वाढला.

४/ पीडीपी-१० आणि लिस्प यांचे जणू छत्तीस गुण जुळले होते. यंत्राचा एक शब्द ३६ बिटांचा, पत्ता १८ बिटांचा. लिस्पच्या यादीतील प्रत्येक दुव्यात दोन पत्ते असतात. ते दोन्ही एका शब्दात नेमके मावत.

५/ पण तेच १८ बिट पुढे कुंपण ठरले. तेवढ्यात फक्त २,६२,१४४ पत्ते बसतात. मॅकसिमा फुगत गेली आणि जागा संपली. शिवाय मॅकलिस्पचा गाभा पीडीपी-१० च्याच असेंब्ली भाषेत होता. तो उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवणे म्हणजे पुन्हा नव्याने लिहिणेच.

६/ मॅकसिमावर काम केलेले रिचर्ड फेटमन तोवर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. १९७८ मध्ये त्यांनी आणि आणखी १३ प्राध्यापकांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. त्यात विभागाचे पैसे घालून व्हॅक्स-११/७८० हा संगणक घेण्यात आला. त्याचा पत्ता ३२ बिटांचा होता, म्हणजे ४२९ कोटींहून अधिक बाइटांचा पल्ला.

७/ या यंत्रासाठी लिस्प नव्याने उभी राहिली. गाभा सी भाषेत, आणि कंपायलर संपूर्णपणे लिस्पमध्येच. प्रणालीचे नाव ‘फ्रान्झ’, कंपायलरचे ‘लिझ्ट’ : संगीतकार फ्रान्झ लिझ्ट यांच्या नावावरचा हा श्लेष. जॉन फोडेरारो, कीथ स्क्लोअर आणि केव्हिन लेयर हे तिचे प्रमुख शिल्पकार.

८/ मात्र एक अडचण उरली. व्हॅक्सवर आणलेल्या ३२व्ही या युनिक्समध्ये आभासी स्मृतीची सोय नव्हती. आभासी स्मृती म्हणजे लागतील तेवढीच पाने मेजावर ठेवायची, बाकीची कपाटात, आणि गरज पडताच अदलाबदल करायची. ती नसल्याने अफाट पत्ते असूनही लिस्पला वापरता येई ती प्रत्यक्ष बसवलेली स्मृतीच. आरंभी ती १ मेगाबाइट होती.

९/ फेटमन यांनी सहकारी प्राध्यापक डोमेनिको फेरारी यांना साकडे घातले. फेरारींचे विद्यार्थी ओझाल्प बाबाओग्लू कामाला लागले, पुढे बिल जॉय त्यांना मिळाले. १९७९ च्या अखेरीस ३बीएसडी बाहेर पडले. बर्कली युनिक्सला आभासी स्मृती लाभली ती लिस्पच्या भुकेपायी, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१०/ कारण तेच बिल जॉय १९८२ मध्ये सन कंपनीत गेले. अँडी बेख्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली आणि पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे तिचे अन्य संस्थापक. मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि युनिक्स, असा एकेका माणसाच्या मेजाशेजारी मावणारा संगणक त्यांना विकायचा होता.

११/ मग लिस्प तिथे कशी नेली जाते? सीमधला गाभा नव्या यंत्रासाठी पुन्हा कंपाइल करता येतो. पण व्हॅक्स आकड्याचा सर्वांत लहान बाइट आधी ठेवतो, ६८००० सर्वांत मोठा. जिथे जिथे जुन्या क्रमावर भिस्त असेल, तिथे चूक दडलेली असते. कंपायलर तर व्हॅक्सच्या आज्ञा लिहीत असे. ६८००० मध्ये आकड्यांसाठी आणि पत्त्यांसाठी वेगवेगळे रजिस्टर. तो भाग नव्यानेच रचावा लागतो.

१२/ एक जुना निर्णय येथे उपयोगी पडला. फ्रान्झ लिस्पने स्मृतीची ५१२ बाइटांची पाने पाडली होती आणि एका पानावर एकाच जातीची वस्तू ठेवली जाई. वस्तूची जात तिच्या पत्त्यावरूनच कळे, त्यासाठी यंत्रात खास बिटांची गरज नव्हती. किंमतही मोजावी लागली : पूर्वी ३६ बिटांत बसणारा दुवा आता ६४ बिट घेऊ लागला.

१३/ शिवाय ६८००० मध्ये मूलभूत उणीव होती. हवे ते पान स्मृतीत नसल्यास अर्धवट राहिलेली आज्ञा त्याला खात्रीने पुन्हा सुरू करता येत नसे. ६८०१० ने हा दोष दूर केला. १९८३ च्या सन-२ मध्ये हा प्रोसेसर होता, आणि सोबत बर्कलीच्या घराण्यातले युनिक्स. लिस्पसाठी घडलेली आभासी स्मृती अशा रीतीने वर्कस्टेशनवर तिच्याच वाट्याला आली.

१४/ त्याच काळात दुसरा मार्गही होता : खास लिस्पसाठीच घडवलेली यंत्रे. १९८० मध्ये स्थापन झालेली सिम्बॉलिक्स त्यात अग्रणी. तिची यंत्रे अप्रतिम होती, पण महाग. त्यांचा ग्राहकवर्ग मोजका. सर्वांसाठी बनणारे प्रोसेसर दरवर्षी वेगवान आणि स्वस्त होत गेले. १९९३ मध्ये सिम्बॉलिक्स दिवाळखोरीत गेली.

१५/ पीडीपी-१० ची वंशवेल तर १९८३ मध्येच खुंटली. निर्मात्या डीईसी कंपनीने पुढचे यंत्र रद्द केले, आणि मॅकलिस्पचे घरच गेले. उलट १९८४ मध्ये बर्कलीच्या मंडळींनी फ्रान्झ इन्कॉर्पोरेटेड काढली. तिचे पहिले उत्पादन म्हणजे ६८००० वर्गातील वर्कस्टेशनांवरची फ्रान्झ लिस्प. लवकरच कॉमन लिस्प ही समान बोली रूढ झाली आणि फ्रान्झ लिस्पही मागे पडली. मात्र कंपनी कॉमन लिस्पकडे वळून टिकली.

१६/ आणि मॅकसिमा? तिची एक शाखा विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून सांभाळली. १९९८ मध्ये त्यांना ती मुक्त परवान्याखाली देण्याची अनुमती मिळाली. ‘मॅक्सिमा’ या नावाने ती आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. पीडीपी-१० आता बहुतांशी संग्रहालयांत आढळतो. मॅक्सिमा मात्र अजूनही लिस्पमध्येच लिहिलेली आहे, आणि साध्या लॅपटॉपवर चालते.