एक बार की सहा बार?

मंडळी, प्राणहितेच्या काठी, अहेरी-आलापल्लीच्या रानात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना भरमार बंदूक म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. ही तोंडाकडून भरायची बंदूक. आधी दारू मोजून नळीत ओतायची, वर चिंधीचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी, आणि शेवटी घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची. एवढा खटाटोप केल्यावर एक बार! हात कितीही बसलेला असो, दुसऱ्या बाराची तयारी अर्ध्या मिनिटाच्या आत होणे कठीण. आणि अर्ध्या मिनिटात चवताळलेले रानडुक्कर एक तर डोंगरापलीकडे गेलेले असते, नाही तर तुमच्या मांडीपर्यंत पोचलेले असते.

मग सहा बारांचे हत्यार मिळत असताना शिकाऱ्याने एका बाराचे का बाळगावे? कोणीही म्हणेल, यात विचारायचे काय? पण शिकारीचा इतिहास पाहिला तर उत्तर वाटते तितके सोपे नाही. बंदूक बाजूला ठेवून आपण हातात मावणाऱ्या लहान हत्यारांपुरता, म्हणजे पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांच्यापुरता विचार करू. कारण हा वाद सर्वांत रंगला तो तिथेच.

जुने पिस्तूल म्हणजे भरमार बंदुकीचे धाकटे भावंडच. नळी एक, बार एक. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन माणसाने 1836 साली आपल्या देशात रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले. त्यात नळी एकच, पण तिच्यामागे फिरते चक्र, आणि चक्रात पाच-सहा घरे. प्रत्येक घरात दारू आणि गोळी आधीच भरलेली. घोडा ओढला की चक्र एक घर पुढे सरकते आणि नवी गोळी नळीसमोर येते. शिक्षकबंधूंनी फळ्यावर एक वर्तुळ काढून त्यात सहा टिंबे दिली, तर मुलांच्या लगेच ध्यानात येईल. लंडनला 1851 साली मोठे प्रदर्शन भरले, तेथे कोल्टचे रिव्हॉल्वर होते, तसेच रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराचेही होते. कोल्टचे नेम धरायला चांगले, पण गोळी लहान. ॲडम्सची गोळी जाड, आणि दर वेळी अंगठ्याने घोडा ओढण्याची गरज नाही. चाप दाबला की झाले.

या दोन्ही जातींची रिव्हॉल्वरे 1857 च्या धामधुमीत हिंदुस्थानात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. त्या काळची एक हकिकत फॉसबेरी नावाच्या अधिकाऱ्याने पुढे सांगितली आहे. एका साहेबाला आपल्या नेमबाजीचा मोठा अभिमान होता. एक धिप्पाड शिपाई तलवार उपसून त्याच्यावर चालून आला. साहेबाने कोल्टच्या सगळ्या गोळ्या त्याच्यावर झाडल्या. सहापैकी पाच छातीत लागल्या, अगदी जवळजवळ, आणि पाठीतून बाहेर पडल्या. साहेब परिणाम पाहायला क्षणभर थांबला. तेवढ्यात शिपायाने त्याचे डोके दुभंगले, आणि मग तोही तिथेच पडून मेला. नेम चुकला नव्हता, गोळ्याही कमी पडल्या नव्हत्या. कमी पडला तो एकेका गोळीचा धक्का.

माणसाच्या बाबतीत हे, तर हजार किलोपर्यंत वजन जाणाऱ्या रानगव्याचे काय? जरा हिशेब करा. पुढे 1887 पासून इंग्रजी फौजेत आलेल्या वेब्ली रिव्हॉल्वरची गोळी सुमारे सतरा ग्रॅमची, आणि ती सेकंदाला दोनशे मीटरहून थोडी कमीच धावते. वाघा-गव्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या दुनळी रायफली वापरीत, त्यांची गोळी पंचवीस-सव्वीस ग्रॅमची, पण वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या वर. वेग तिप्पट झाला की मार तिप्पट होत नाही, नऊपट होतो. वर गोळीचे वजन जास्त. म्हणजे रिव्हॉल्वरच्या सहाही गोळ्या एका जागी बसल्या, तरी एका रायफलीची बरोबरी होत नाही.

म्हणून जाणते शिकारी रिव्हॉल्वर घेऊन शिकारीला जात नसत. कंबरेला बांधीत ते शेवटच्या क्षणासाठी. हत्तीवरून शिकार करणाऱ्यांची तर वेगळीच सोय होती. जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर चढून हौद्याला पंजे लावतो, तेव्हा लांब रायफल फिरवायला जागा नसते. त्यासाठी आखूड, जाड नळ्यांचे एक दांडगे पिस्तूल असे; दोन नळ्यांचे, क्वचित चार नळ्यांचे. त्याला नावच हौद्याचे पिस्तूल पडले होते. दोनच बार, पण ठोसा जबर. तेथे माणसाने सहा हलक्या बारांपेक्षा दोन जड बार निवडले, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

असो. ही झाली साहेबाच्या जिवाची गोष्ट. पण शिकारीत जीव एकट्या साहेबाचा नसे. मचाणावर किंवा हौद्यात तो, आणि खाली पायी चालणारे हाकेवाले आपल्याच गावचे गोंड, माडिया आणि इतर. हातात काठी, नाही तर डफ. सहा बार जवळ आहेत म्हणून पहिला बार घाईने टाकला, जनावर पोटात जखमी होऊन झुडपात शिरले, तर त्याला उठवायला जाणार कोण? रक्ताचा माग काढणार कोण? आणि दुखावलेला वाघ पुढे पांगळा होऊन गुरे-माणसे धरू लागला, तर ती कोणत्या गावची? जिम कॉर्बेटने मारलेल्या नरभक्षकांपैकी कित्येकांच्या अंगावर जुन्या गोळ्यांच्या जखमा होत्या. चंपावतच्या वाघिणीचेही वरचे-खालचे सुळे आधीच्या एका गोळीने तुटले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. नेम चुकवणारा घरी निघून गेला, आणि त्या एका बाराची किंमत कुमाऊंच्या खेड्यांनी दिली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वाघिणीच्या मागे 1907 साली कॉर्बेट गेला तेव्हा त्याच्याजवळ काडतुसे तीनच होती. तिन्ही संपली आणि वाघीण जखमी होऊन समोर उभी. तेव्हा त्याला तहसीलदाराची बंदूक मागून आणायला धावावे लागले! अशा वेळी चौथा बार हाताशी असता तर, असे कोणालाही वाटेल. जास्तीच्या बाराला किंमत आहे. ती पहिल्या बाराच्या चुकीनंतर सुरू होते, एवढेच.

आता अहेरीकडे वळू. इथे एक बार घ्यावा की सहा, हा प्रश्न लोकांपुढे कधी आलाच नाही. तो सरकारने परस्पर सोडवून टाकला. नागपूरचे राज्य खालसा होऊन 1854 साली चांदा कंपनीकडे गेला. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी 1858 साली उठाव केला. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे 29 एप्रिल रोजी तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. बाबूरावांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याला फाशी झाली. उठाव मोडल्यावर देशभर हत्यारे काढून घेण्याचे धोरण आले. 1860 चा आणि मग 1878 चा हत्यारांचा कायदा झाला. परवाना हवा तो देशी माणसाला, गोऱ्याला सूट. त्याने कंबरेला सहा बार लटकवावेत, आणि ज्याच्या शेतात रात्री डुकरे शिरतात त्याने भरमार बंदुकीसाठीसुद्धा कचेरीत अर्ज घेऊन उभे राहावे! या कायद्याविरुद्ध सुशिक्षितांनी पुष्कळ सभा-ठराव केले. पण माझ्या मते त्याची खरी झळ सभेत नव्हती, ती धानाच्या बांध्यात होती.

स्वतंत्र भारताचा 1959 चा कायदा आला त्यात ही बाब ध्यानात घेतलेली दिसते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, अशी तरतूद त्याच्या तेराव्या कलमात घातली गेली. म्हणजे कायद्यानेही शेतकऱ्यासाठी एक बारच निवडला.

गंमत पाहा. ज्या अमेरिकेने सहा बारांचे हत्यार जगाला दिले, तेथील शिकारीच पुढे एका बाराकडे वळले. तेथे पिस्तुलाने हरीण मारण्याचा शौक आहे. त्यासाठी 1935 साली .357 मॅग्नम आणि 1955 च्या अखेरीस .44 मॅग्नम अशी दांडग्या काडतुसांची रिव्हॉल्वरे निघाली. तरी रिव्हॉल्वरची मूळ अडचण सुटेना. चक्र फिरायचे तर चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीतून दारूच्या धुराचा जोर थोडा निसटतो. शिवाय काडतूस चक्राच्या लांबीत मावले पाहिजे. एका बाराच्या पिस्तुलाला यातले काहीच नाही. नळी लांब घ्या, रायफलीचे काडतूस घाला, वर दुर्बीण बसवा. रेमिंग्टन कंपनीने 1963 साली असे पिस्तूल काढले, आणि 1967 साली कंटेंडर नावाचे आले, एकनळी बंदुकीसारखे मध्ये मोडून भरायचे. तेव्हा तेथे दोन तट पडले. जवळ जाऊन मारणारा, झटपट दुसरी गोळी हवी म्हणणारा रिव्हॉल्वर घेतो. लांबून, टेकून, नेमका मारणारा एका बाराचे घेतो. पण सहावाला असो की एकवाला, त्यांच्यातले शहाणे नवख्याला एकच सांगतात, की पहिल्या गोळीने काम होईल इतके जवळ जाता येत नसेल तर चाप ओढू नकोस.

आपल्याकडे तो शौक आता उरलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याने शिकार बंद केली, मग हत्यार कोणतेही असो. पिकाची नासधूस करणारे जनावर मारायचे झाले, तरी अकराव्या कलमाखाली अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. रानम्हशी आज आपल्या राज्यात उरल्या आहेत त्या याच भागात, कोलामार्काच्या रानात, थोड्याशा. त्या कोणाच्या नेमामुळे इतक्या कमी झाल्या, हे आता कोण सांगणार?

आणि धानाच्या बांधीवर मांडव घालून बसलेला शेतकरी? त्याच्या हाती बहुधा डबा असतो आणि टेंभा. डबा वाजवला की डुकरे पळतात, आणि तासाभराने परत येतात.