अननसाच्या मळ्यातली बाग

आमच्या कुडाळच्या घरी गडग्याला लागून अननसाची रांग होती. फळ काढताना पानांच्या काट्यांनी आजीच्या मनगटावर बारीक लाल ओरखडे उठायचे. फ्लोरिडातल्या डेलरे बीचजवळच्या मोरिकामी संग्रहालयात मी दर बुधवारी स्वयंसेवक म्हणून काम करते. तिथे अननसाच्या मळ्यांबद्दल सांगायची वेळ आली की मला ते मनगट आठवतं.

येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो: इथे जपानी बाग कशी काय? पुण्याचे पाहुणे सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची आठवण काढतात. ती बाग ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर, दोन शहरांच्या मैत्रीतून झाली. इथे शहरांची मैत्री नंतर आली. आधी होता एक शेतकरी.

मी नवी असताना एका गटाला सांगून बसले की इथली जुनी जपानी वसाहत त्या शेतकऱ्याने, मोरिकामींनी, वसवली. माझ्याबरोबरच्या जुन्या स्वयंसेविकेने गट गेल्यावर मला बाजूला बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. वसाहत वसवली जो साकाई यांनी. मूळचे मियाझूचे, न्यूयॉर्क विद्यापीठाचे पदवीधर. हेन्री फ्लॅगलरची रेल्वे नुकतीच किनाऱ्याने खाली उतरली होती आणि रेल्वेच्या जमीन कंपनीला शेतकरी हवे होते. १९०४च्या सुमारास साकाईंनी इथे जपानी तरुण आणायला सुरुवात केली. वसाहतीचं नाव यामातो, म्हणजे जपानचंच जुनं नाव. झुडपं तोडायची, डासांशी झगडायचं आणि रेताड जमिनीत अननस लावायचा. १९०८च्या सुमारास अननसावर रोग पडला. क्यूबाचा अननस आधी पिकायचा, स्वस्त पडायचा; त्याच्यापुढे इथल्या मालाचा टिकाव लागेना. माणसं भाजीपाल्याकडे वळली, मग एकेक करून पांगली. १९४२ साली लष्करी विमानतळासाठी सरकारने वस्तीची उरलीसुरली जमीनही घेतली. आज त्या जागेच्या एका भागावर विद्यापीठ आहे.

मागे राहिले सुकेजी मोरिकामी. इथे लोक त्यांना जॉर्ज म्हणत. १९०६ साली, १९ वर्षांचे असताना, ते मियाझूहून आले. प्रवासाच्या भाड्याचे पैसे देणाऱ्या माणसाशी करार होता: ३ वर्षं काम, मग ५०० डॉलर. तो माणूस तापाने गेला आणि पैसेही गेले. परतीची वाट तिथेच बंद झाली. मोठ्या वयात ते लहान मुलांच्या शाळेत बसून इंग्रजी शिकले. मग भाजी पिकवली, विकली आणि हातात पैसा आला की जमीन घेतली. लग्न केलं नाही. भावाच्या विधवा पत्नीला जपानला पत्रं लिहीत राहिले. जपानी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळायची कायद्याने सोयच १९५२पर्यंत नव्हती. त्यांना ते १९६७ साली मिळालं, वयाच्या ऐंशीनंतर.

पुढचा भाग सांगताना माझा आवाज आजही जड होतो. म्हातारपणी त्यांनी ही जमीन लोकांना द्यायचं ठरवलं, यामातोची आठवण राहावी म्हणून. आणि घ्यायला कुणी तयार होईना! शहराला विचारलं, राज्याला विचारलं. अखेर १९७०च्या दशकात पाम बीच काउंटीने ती स्वीकारली. एवढी वर्षं कसलेली माती हातात धरून दारोदार जाणारा तो म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १९७६ साली, ८९व्या वर्षी ते गेले. संग्रहालय उघडलं १९७७ साली. त्याच वर्षी डेलरे बीच आणि मियाझू भगिनी शहरं झाली.

तळ्यातल्या बेटावरची संग्रहालयाची पहिली इमारत, यामातो-कान, हीच माझी जागा. मोठी इमारत १९९३ची. भोवतालच्या १६ एकरांतली बाग होइची कुरिसु यांनी रचली, २००१मध्ये पुरी झाली. नाव रोजी-एन, दवबिंदूंची बाग. जुन्या काळच्या सरदारांची तळ्याकाठची बाग, कोरड्या वाळू-दगडांची बाग, अशा एकापाठोपाठ एक सहा बागा लागतात. चालत जाणाऱ्याला एकदम सगळं दिसत नाही. बांबूआडून वळलं की पाणी, पाण्याआडून वळलं की दगड.

एवढी हिरवाई एकट्या तिकिटांवर कशी राहणार? फ्लोरिडात वादळाच्या मोसमात एक रात्र पुरते, वर्षाची छाटणी उलटीपालटी व्हायला. सभासदांची वर्गणी, देणगीदारांची मदत आणि आमच्यासारख्यांचे तास, हे सगळं लागतंच. आई गेल्यापासून मी तिच्या नावाने दर वर्षी थोडी रक्कम देते. तिने ही जागा पाहिली नाही. पण आपण काढलेलं पहिलं फळ शेजारी द्यायचं, ही तिची रीत होती.

गेल्या बुधवारी एक मराठी कुटुंब आलं. यामातो-कानमध्ये धाकटीने अननसाच्या मळ्याच्या फोटोवर बोट ठेवलं आणि आईला विचारलं, "हे काय लावलंय?"

"अननस," मी म्हणाले. मग आजीचं मनगट सांगितलं आणि तिला तळ्याकाठच्या बाकावर बसवून सुकेजींची गोष्ट सांगायला लागले.