धडाकेबाज

महेश कोठारे दिग्दर्शित मराठी चित्रपट (१९९०). मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. लक्ष्मीकांत बेर्डे (दुहेरी भूमिका), महेश कोठारे, अश्विनी भावे व दीपक शिर्के यांच्या त्यात भूमिका आहेत.

कवटीचा मुखवटा घालून दहशत माजवणारा कवट्या महाकाळ हा या चित्रपटाचा खलनायक. चेहराच न दाखवणाऱ्या या खलपुरुषाने त्या पिढीतल्या मुलांची झोप उडवली. त्याच्यासमोर उभा राहतो तो बेर्डे यांनीच साकारलेला बाटलीतला इवलासा गंगाराम. भीती आणि हसू एकाच प्रसंगात खेळवण्याचे बेर्डे यांचे कसब इथे पुरेपूर दिसते.

मुखवटाधारी खलनायक आणि विनोद यांची अशी सांगड फ्रेंच पडद्यावर आधीच जमली होती. प्येर सुव्हेस्त्र व मार्सेल आलँ यांनी १९११ साली कादंबऱ्यांतून निर्माण केलेला फांतोमास आंद्रे युनबेल यांनी १९६४ मध्ये विनोदी अंगाने रंगवला. ज्याँ मारे यांनी त्यात खलनायक व पत्रकार अशा दोन्ही भूमिका केल्या. लुई द फ्युनेस यांच्या उतावळ्या पोलीस अधिकाऱ्याने मात्र चित्रपट खिशात घातला.

कोठारे यांनी पुढे ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू हा बाहुलारूपी खलनायक आणला.