झाडपडीची जबाबदारी

वादळवाऱ्यात खासगी आवारातील झाड किंवा फांदी पडून झालेल्या हानीबाबत घरमालकावर येणारे दायित्व. भारतात याचा निर्णय मुख्यतः अपकृत्य कायद्यातील निष्काळजीपणाच्या तत्त्वावर होतो. निरोगी झाड वादळात उन्मळले, तर ती दैवी आपत्ती ठरू शकते. मात्र पोकळ बुंधा, बुडाशी उगवलेली अळंबी, वाढत चाललेला कल अशी चिन्हे दिसत असूनही दुर्लक्ष केल्यास मालक भरपाईस जबाबदार ठरू शकतो. इंग्लंडमधील ‘नोबल विरुद्ध हॅरिसन’ (1926) खटल्यात बीच वृक्षाची फांदी वाहनावर पडली. पण तिच्यातील दोष बाहेरून कळण्याजोगा नसल्याने मालक दोषमुक्त ठरला. राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात (1997) रस्त्याकडेचे झाड पडून पादचारी दगावला होता. सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला भरपाईतून मुक्त केले.

महाराष्ट्राच्या शहरांत 1975 च्या वृक्ष जतन अधिनियमामुळे स्वतःच्या अंगणातील झाडही परवानगीविना तोडता येत नाही. त्यामुळे धोकादायक झाडासाठी अर्ज करून त्याची पोच जपून ठेवणे हा सावधगिरीचा महत्त्वाचा पुरावा ठरतो. मुंबईत गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील झाडांची पावसाळ्यापूर्वी छाटणी करून घेणे हे संस्थांचे काम असते. बुंध्याभोवती घट्ट बसवलेले पेव्हर ब्लॉक मुळांचा श्वास कोंडून झाड कमकुवत करतात.

1 एप्रिल 2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात वादळाने व झाड कोसळून झालेले घराचे नुकसान समाविष्ट आहे. वाहनाच्या केवळ त्रयस्थ-पक्ष विम्यात मात्र स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही.