मापातले पाप

आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. इ. स. पूर्व आठव्या शतकात तो इस्रायलच्या व्यापाऱ्यांवर कडाडला. त्याचा आरोप नीट पाहा. शब्बाथ कधी सरतो आणि धान्य कधी विकतो, असे त्यांना होई. मग एफा लहान, शेकेल मोठा! एफा हे धान्याचे माप. शेकेल हे वजन, सुमारे ११.३ ग्रॅमचे. तेव्हा तिथे नाणी नव्हती, चांदी तोलून देत. म्हणजे गरिबाला धान्य कमी मिळे आणि चांदी जास्त जाई. (आमच्या चाळीखालच्या एका दुकानदारालाही ही विद्या येत होती, बायबल न वाचता.)

वजने दगडाची, हिब्रूत वजनाला शब्दच 'एबेन', म्हणजे दगड. थैलीत लहान आणि मोठा असे दोन दगड ठेवू नका, असे 'अनुवाद' ग्रंथ बजावतो. नुसते बाळगणेही गुन्हा! हा कायदा करणारा बाजार हिंडलेला असावा.

'निर्गमा'त मात्र शिरगणतीच्या वेळी देवस्थानच्या वजनाने अर्धा शेकेल प्रत्येकाला सारखाच. श्रीमंताने अधिक देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये. वजन खरे, पण मजुराला तो अर्धा शेकेल किती दिवसांच्या कष्टांचा पडत असेल?